उदबत्तीची कंपनी

पाप सापडलं ते शनिवारी सकाळी, आणि त्याची त्या दिवशीची किंमत एकेचाळीस लाख रुपये होती.

सापडलं महेश्वरला. सोमवारी वडिलांचं, अप्पांचं पहिलं पुण्यस्मरण, मठात सव्वाशे माणसांच्या जेवणाचा दासोह, आणि त्यासाठी आईच्या, अव्वाच्या खात्यात यंदा डिव्हिडंड किती जमा झालाय हे बघायला तो कॉम्प्युटरपुढं बसला होता. बघता बघता नजर शेअर्सच्या यादीवर गेली. अकरा कंपन्या. साबण, रंग, वीज, दोन बँका, आणि सातव्या ओळीवर प्राची इंडस्ट्रीज. अप्पा हयातभर तिला उदबत्तीची कंपनी म्हणत आले. घरात देवापुढं लागायची ती प्राचीचीच उदबत्ती. दुसरी कुणी आणली तर अप्पा ती खाली दुकानात नेऊन गिऱ्हाइकाला विकून टाकत. महेश्वरनं सहज म्हणून कंपनीचा अहवाल उघडला. उदबत्ती आणि काडेपेटी मिळून धंदा शंभरात सहा. उरलेले चौऱ्याण्णव सिगारेटचे.

त्याला धक्का बसला. हे खरं आहे, आणि ते आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढं जे झालं त्यावरून कुणालाही शंका येईल. ज्या माणसानं सोलापुरात बाळीवेशीत पन्नास वर्षं किराणा दुकान चालवलं आणि एकदाही विडीचं बंडल ठेवलं नाही, ज्यानं सिगारेट ओढली म्हणून सतरा वर्षांच्या पोटच्या पोराला घराबाहेर काढलं, त्याच्या नावावर सिगारेटचे नऊ हजार शेअर. महेश्वर पाच मिनिटं सुन्न बसून राहिला. सहाव्या मिनिटाला त्यानं नऊ हजारांना भावानं गुणलं.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्याचं टॉवेलचं युनिट आहे. इचलकरंजीहून चार नवे लूम यायचे होते आणि बँकेनं स्वतःचे म्हणून चाळीस लाख दाखवा म्हटलं होतं. तीन महिने तो हे चाळीस लाख शोधत होता. पाप नेमकं तेवढंच निघालं, वर एक लाख किरकोळ खर्चाला. अशा वेळी माणसाची श्रद्धा वाढते.

अडचण एकच होती. अप्पांनी नॉमिनी म्हणून अव्वाचं नाव लावलं होतं. शेअर आता तिच्या खात्यात होते आणि सहीही तिचीच लागणार होती. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे वकिलानं त्याला समजावून सांगितलं होतं. मग कोर्टात किती वर्षं लागतात तेही त्याच दमात सांगितलं होतं.

त्यानं कलबुर्गीला धाकट्या बहिणीला फोन लावला.

"सिगारेटची?" चंद्रिका म्हणाली. "आपल्या अप्पांनी? शिव शिव." मग ती जरा थांबली. "किती म्हणालास?"

"एकेचाळीस."

"तिघांत कसं पडतं ते?"

महेश्वरला हा प्रश्न अपेक्षित होता, फक्त इतक्या लवकर अपेक्षित नव्हता. "तू ये तर खरी," तो म्हणाला. "बसूलाबी बोलावलंय. उद्या अकराला स्वामी येणारच हायत जेवणाचं ठरवायला. त्यांच्यासमोरच अव्वाला सांगू. ते नको म्हणाले की प्रश्नच मिटला."

*

रविवारी दहा वाजता दानम्मा, म्हणजे अव्वा, माडीवरच्या मोठ्या खोलीत सतरंजीवर बसून हुग्गीचे, गव्हाच्या खिरीचे गहू निवडत होती. बैठक कशाची आहे ते तिला शनिवारीच कळलं होतं, कारण महेश्वर फोनवर हळू बोलला की खाली दुकानापर्यंत ऐकू जातं.

तिच्या लग्नाला चोपन्न वर्षं झाली होती. त्यातली त्रेपन्न वर्षं तिनं नवऱ्याकडं पैसे मागितले आणि प्रत्येक वेळी अप्पांनी चष्म्यावरून बघत एकच विचारलं, "कशाला?" माणूस वाईट नव्हता, देत होता. पण बांगड्या कशाला, बहिणीच्या नातवाला टोपडं कशाला, रिक्षा कशाला, चालत का नको. गेल्या वर्षापासून मात्र फोन टुंग वाजतो आणि बँकेचा मेसेज येतो. कधी हजार, कधी चाळीस हजार, सरासरी काढली तर महिन्याला अठ्ठावीस हजार. ती स्वतः बँकेत जाते, रिक्षानं जाते, आणि कुणी कशाला म्हणत नाही. हे सुख तिला एकाहत्तराव्या वर्षी कळलं, आणि ते नवरा गेल्यावर कळलं याची तिला लाजही वाटायची. उदबत्तीची कंपनी गेली तर महिन्याचे बारा हजार जाणार होते. उरलेल्या दहा कंपन्यांत महेश्वरला पुढच्या वर्षी आणखी काहीतरी पाप सापडणारच होतं. मग परत हात पुढं करायचा, आणि तोही पोरापुढं. नवऱ्यापुढं केला तो केला.

"अव्वा," महेश्वरनं खुर्ची पुढं ओढली, "मला सांगायला लई जड जातंय."

"मग नको सांगू की."

पण त्यानं सांगितलं. कॉम्प्युटरवरून काढलेला कागद दाखवला, चौऱ्याण्णवच्या आकड्याभोवती लाल पेनानं केलेला गोल दाखवला. चंद्रिकानं दुसऱ्यांदा शिव शिव म्हटलं; काल फोनवर म्हटलेलं अव्वानं ऐकलं नव्हतं. खिडकीपाशी स्टुलावर होता बसू. सगळ्यात धाकटा, चव्वेचाळीस वर्षांचा, सकाळच्या एसटीनं अक्कलकोटहून आलेला. माडीवर यायच्या आधी तो कोपऱ्यावरच्या टपरीशी पाच मिनिटं थांबला होता आणि मग बडीशेप चघळत वर आला होता. ती बडीशेप घरात सगळ्यांना ठाऊक होती.

दानम्मानं गव्हातला एक खडा काढून बाजूला ठेवला. "मग?"

"मग काय मग? दासोह काय सिगारेटच्या पैशानं घालायचा? स्वामी जेवणार, शरण मंडळी जेवणार."

"दासोहाला साबणाच्या कंपनीचं घे."

"प्रश्न दासोहाचा न्हाय, अव्वा. तत्त्वाचा हाय. ती कंपनी आपल्या घरात राहताच कामा नये. तू आज सही कर, उद्या सव्वानऊला बाजार उघडला की विकून टाकतो. पुण्यस्मरणाच्या आधी घर मोकळं."

"बरोबर हाय अण्णाचं," चंद्रिका म्हणाली. "पापाचा पैसा घरात नको. ज्याचा त्याचा वाटा ज्याला त्याला देऊन टाकायचा आणि मोकळं व्हायचं."

यावर महेश्वर खोकला. "वाटा हायच की. पण तोडून काय उपयोग? मी म्हणतो पैसा एका चांगल्या कामात जाऊ दे. लूम घेऊ. टॉवेलात काय पाप हाय? तुझा तिसरा हिस्सा युनिटमधी राहील, मी लिहून देतो. वर्षाला व्याज पाठवीन."

"तू पाठवणार?"

"मग कोण?"

"अण्णा, तू भाऊबीजेची साडी संक्रांतीला पाठवतोस. व्याज कधी पाठवशील?"

"साड्यांचं आणि धंद्याचं एक करू नको, चंद्री."

"मी कुठं करते. पण अप्पांची कंपनी बघ, न मागता पाठवते, फोन करावा लागत न्हाय, वहिनीचं तोंड बघावं लागत न्हाय." चंद्रिकानं पदर सावरला. ती शाळेत असल्यापासून हिशेबाला पक्की होती, आणि युनिटमध्ये राहणाऱ्या तिसऱ्या हिश्शापेक्षा अव्वाच्या खात्यात राहणारा तिसरा हिस्सा तिला आता जास्त जवळचा वाटू लागला होता. "आणि उदबत्तीबी करतातच की ते. अगदीच काही सगळं पाप न्हाय."

तत्त्वाच्या बाजूचं एक माणूस अशा रीतीनं कमी झालं.

*

महेश्वरची बायको धनलक्ष्मी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी राहिली होती. वहिनीचं तोंड हा शब्द तिनं ऐकला आणि नणंदेसाठी नंतर काढायचा म्हणून ठेवून दिला. तिचं डोकं दुसरीकडं होतं.

कालपासून ती नवऱ्याच्या बाजूची होती. लूम आले, युनिट वाढलं, की जुळे सोलापुरात फ्लॅट, असं त्यानं रात्रीच्या भाकरीबरोबर तिला सांगितलं होतं. पण सकाळी दूधवाला आला आणि नेहमीप्रमाणे अव्वाकडून पैसे घेऊन गेला. मग सिलिंडरवाला आला, त्यालाही अव्वानं दिले. भांडीवाली, लाइटबिल, नातीचा क्लास. धनलक्ष्मीच्या तेव्हा लक्षात आलं की गेल्या वर्षभरात तिनं नवऱ्याकडं घरखर्चाला पैसे मागितलेलेच नाहीत. त्याआधी ती मागायची. पहिल्यांदा मागितले की तो 'बघू' म्हणायचा, दुसऱ्यांदा 'पार्टीचं पेमेंट आलं की', आणि तिसऱ्यांदा तिनं मोहोळला माहेरी जायचं नाव काढलं की द्यायचा.

तिनं ट्रे टेबलावर ठेवला. "अव्वा, एक विचारू? उद्यापासून दूधवाल्याला ह्यांच्याकडं पाठवू ना?"

"दुधाचं काय मधीच?" महेश्वर म्हणाला.

"आणि गॅसवाल्याला. विचारून ठेवलेलं बरं. अव्वाचे बारा हजार कमी झाले तर ते कुठनं तरी यायला हवेत की."

"मी देईन ना."

"मी काय म्हटलं?" धनलक्ष्मी म्हणाली आणि सासूला बिनसाखरेचा कप आठवणीनं वेगळा उचलून दिला. असा कप तिनं यापूर्वीही दिला होता, पण इतक्या प्रेमानं नाही.

दानम्मानं चहा घेतला आणि सुनेकडं एकदा नीट बघितलं. बावीस वर्षांत या दोघींचं कशावर एकमत झालं असेल तर ते हेच, आणि तेही न बोलता.

*

स्वामी अकराच्या ठोक्याला आले. सगळ्यांनी 'शरणार्थी' म्हणत वाकून नमस्कार केला, त्यांनी विभूती लावली, ताक मागितलं. हुग्गीला गूळ जरा सढळ असू द्या, गेल्या महिन्यात एका घरी अगदीच फिकी झाली होती, असं सांगून झालं. मग महेश्वरनं हात जोडून विषय काढला. कुणाचं नाव घेतलं नाही, एका कुटुंबात अशी अशी अडचण आहे म्हणाला.

स्वामींनी डोळे मिटले. "व्यसनाचं द्रव्य दासोहाला वर्ज्य," ते म्हणाले. "त्यात दुमत नाही. कष्टाचं, घामाचं असेल तेच शरणांच्या पानात पडावं."

महेश्वरनं अव्वाकडं बघितलं. टेबलावर सहीचा कागद होता, त्यावर पेन होतं.

"बरं झालं स्वामी विचारलं त्यानं," दानम्मा म्हणाली. "माझ्याबी मनात होतं. मग मठावरच्या पत्र्याचं कसं करायचं?"

"कसला पत्रा?"

"भोजनशाळेवरचा. दोन हजार नऊला आमच्या मालकांनी घालून दिला की. सगळा ह्याच कंपनीच्या पैशातला. तुमीच तर त्यांना शाल घातली."

स्वामींनी वर बघितलं. वर महेश्वरच्या घराचा स्लॅब होता, पण पत्र्याचं नाव निघालं की माणूस वर बघतो.

"भर श्रावणात पत्रा कसा काढायचा, अव्वा?" ते हळू आवाजात म्हणाले.

"मी कुटं काढा म्हणते? विचारते."

स्वामींनी उरलेलं ताक सावकाश संपवलं. वाटी खाली ठेवताना त्यांनी सांगितलं की द्रव्य येतं कुठून यापेक्षा ते जातं कुठं यालाही महत्त्व असतंच, असे प्रश्न ज्या त्या कुटुंबानं आपापसांत प्रेमानं सोडवावेत, आणि आपल्याला अजून दोन घरी जायचं आहे. जिना उतरताना ते महेश्वरला पुन्हा एकदा गुळाचं म्हणाले.

महेश्वर वर आला तो चिडलेलाच. "अव्वा, म्हणजे तुला ठाऊक होतं? ही कंपनी कसली ते?"

"व्हय."

"आणि उदबत्तीची, उदबत्तीची म्हणत होतीस?"

"उदबत्ती करतात की."

"कधीपासून ठाऊक होतं, अव्वा?"

हा प्रश्न महेश्वरचा नव्हता. खिडकीपासून आला होता. सकाळपासून बसूचा हा पहिलाच शब्द.

दानम्माचा सुपातला हात थांबला. महेश्वरला, चंद्रिकाला, स्वामींना तिनं उत्तरं दिली होती. त्यातलं एकही तिला जड गेलं नव्हतं. "पहिल्यापासनं," ती म्हणाली.

"म्हणजे कधीपासनं?"

"अठ्ठ्याण्णव."

 अठ्ठ्याण्णव साल त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. ते साल धनलक्ष्मीलाही माहीत होतं, आणि ती तेव्हा या घरात आलीही नव्हती.

*

बसू बारावीला होता. पँटच्या खिशात पाकीट सापडलं, शिकारा सिगारेटचं, निळं, त्यात तीन उरलेल्या. अप्पांनी दुकानातल्या तराजूची दांडी काढली. चौथ्या दिवशी शर्टात दुसरं पाकीट सापडलं, आणि तेव्हा त्यांनी हात उचलला नाही. मामाकडं अक्कलकोटला चार दिवस जाऊन राहा म्हणाले. त्या चार दिवसांना आता सव्वीस वर्षं होऊन गेली होती. बसू तिकडंच पंपाच्या जळलेल्या मोटारी भरायला शिकला, दुकान टाकलं, लग्न केलं. गड्ड्याच्या जत्रेला आणि दिवाळीला यायचा, अप्पांच्या पाया पडायचा. अप्पा "आलास?" म्हणायचे. निघताना "निघालास?" म्हणायचे. बाप-लेकात वर्षाला चार शब्द, तेही विचारलेले.

शिकारा कोण बनवतं हे बसूला तोंडपाठ होतं. सव्वीस वर्षं तो पाकिटाच्या कडेवरची ती बारीक अक्षरं बघत आला होता. सकाळी महेश्वरनं प्राचीचं नाव घेतलं तेव्हापासून त्याच्या छातीवरच्या खिशातलं पाकीट त्याला टोचत होतं.

"विक, अव्वा," तो म्हणाला.

"बसू..."

"मला एक रुपया नको त्यातला. माझा हिस्सा अण्णाला दे, अक्काला दे, नदीत टाक. पण विक. मला एका सिगारेटपायी घरातनं काढलं. अन त्याच साली त्यांनी..." त्यानं खिडकीचा गज धरला. "मी आजवर म्हणत आलो, चूक माझी होती. अप्पा तत्त्वाचा माणूस, चूक माझी. बायकोलाबी हेच सांगितलं, पोरांनाबी. सही कर. आत्ता कर."

महेश्वरला आयुष्यात पहिल्यांदाच धाकट्या भावाचं प्रेम आलं. त्यानं लगबगीनं कागद अव्वापुढं सरकवला आणि कुठं सही करायची तिथं बोट ठेवलं.

दानम्मानं पेन हातात घेतलं. महेश्वरला तिनं आणखी दहा वर्षं नाही म्हटलं असतं. बसूला ती नाही म्हणू शकत नव्हती, कारण त्या दिवशी त्याची पिशवी तिनंच भरली होती. दोन शर्ट, टॉवेल, शेंगाचटणीची पुडी. नवऱ्यापुढं तिनं तोंड उघडलं नव्हतं. बारा हजार जाणार, पुन्हा हात पसरावा लागणार, हे तिला समोर दिसत होतं, आणि तरी तिनं पेनाचं टोपण काढलं.

"करते सही," ती म्हणाली. "पण आधी ऐकून घे. मग तू म्हणशील तसं."

"काय ऐकायचं राहिलंय?"

"तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझे अप्पा ते पाकीट घेऊन दुकानात बसले. चष्मा लावून त्यावरचं सगळं वाचलं. मग नव्या पेठेत शेअरवाल्याकडं गेले. दुपारी जेवायला आले तवा मला म्हणाले, दांडीनं हाणलं तरी पोरगं चौथ्या दिवशी परत त्यांच्याच दारात गेलं. बापाला भीत न्हाय, माराला भीत न्हाय. आता जलमभर रोज त्यांना पैसे नेऊन देणार. घरातला पैसा असा चाललाच हाय, तर त्यातला थोडा तरी फिरून घरात यावा."

शेअर निवडायची ही रीत महेश्वरनं कुठल्या पुस्तकात वाचली नव्हती. अकरा कंपन्यांत सगळ्यात जास्त वाढलेली हीच होती, हे त्याला आत्ता आठवलं.

"पुढच्या जुलैत पहिल्यांदा पैसे आले," दानम्मा म्हणाली. "चारशे का पाचशे रुपये. हे बँकेतनं घरी आले, टोपी खुंटीला लावली आन म्हणाले, बसूचे आले."

बसूनं मान वर केली.

"मग दरसाली तेच. साबणाचे आले, रंगाचे आले, असं म्हणायचे. ह्या कंपनीचे आले की बसूचे आले. शेजारच्या गिरिजाबाईला वाटायचं, पोरगं अक्कलकोटहून मनिऑर्डर करतंय. लई गुणी पोरगं तुमचं, म्हणायची. ह्यांनी कधी न्हाय म्हटलं न्हाय, मीबी म्हटलं न्हाय." तिनं पेन एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "एक साल लई वाढून आले, तवा दोन दिवस धड जेवले न्हाईत. म्हणाले, वाढवली वाटतं पोरानं. आन एक साल कमी आले. नोटाबंदी झाली, त्याच्या आदल्या साली. कागद घेऊन माझ्याकडं आले. म्हणाले, कमी कसे आले, आजारी हाय का काय, फोन लाव त्याला."

"अव्वा," चंद्रिका म्हणाली, "साकु." पुरे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि या वेळी ते कशाच्याही हिश्शाचं नव्हतं.

बसूला तो फोन आठवत होता. भर दुपारी अव्वाचा फोन कधी येत नसे. तब्येत बरी हाय का, खोकला हाय का, दम लागतो का, तिनं तीनतीनदा विचारलं होतं. त्यानं हसून बरा आहे म्हटलं होतं. मग फोन तसाच धरून ती कुणाला तरी म्हणाली होती, बरा हाय म्हणतोय. पलीकडं कुणीतरी घसा खाकरला होता. दुकानातलं गिऱ्हाईक असेल असं त्याला तेव्हा वाटलं होतं.

त्यानं तोंडावरून हात फिरवला. तो खाली रस्त्याकडं बघत राहिला. रडत होता, हे सगळ्यांना दिसत होतं, आणि सगळे चहाच्या कपांकडं बघत होते.

"कुठं करू सही?" दानम्मानं विचारलं.

"इथं," महेश्वर म्हणाला.

"राहू दे, अण्णा," बसू म्हणाला.

"अरे, आत्ता तर तूच म्हणालास..."

"म्हणालो."

महेश्वरनं बायकोकडं बघितलं. ती कप गोळा करत होती. बहिणीकडं बघितलं, ती अप्पांच्या फोटोकडं बघत होती. तत्त्वाच्या बाजूला आता तो एकटाच उरला होता. त्यानं कागदाच्या चार घड्या घालून तो खिशात ठेवला आणि मठात खुर्च्या किती लागतील ते बघून येतो म्हणून जिना उतरला. घरातलं पाप जिथं होतं तिथंच राहिलं. सोमवारी सव्वानऊला बाजार उघडला तेव्हा त्याचा भाव दोन रुपयांनी वाढला.

धनलक्ष्मी कप घेऊन आत गेली, चंद्रिका तिच्या मागं गूळ चिरायला. बसू उठला आणि दाराकडं निघाला.

"कुटं चाललास?"

"खाली. येतो पाच मिनिटांत."

"पाकीट दाव."

तो दारातच वळला. मग त्यानं छातीवरच्या खिशातून निळं पाकीट काढलं आणि जन्मात पहिल्यांदा आईच्या हातात दिलं. दानम्माला त्यावरचं इंग्रजी वाचता येत नव्हतं. तिनं ते उलटसुलट करून बघितलं आणि अप्पांच्या फोटोपाशी, उदबत्तीच्या पुड्याशेजारी ठेवलं.

"सोड आता ही," ती म्हणाली. "तुझ्या एकट्यानं कंपनी बुडत न्हाय."

"आन पैसे कमी आले तर?"

दानम्मानं सूप पुन्हा पुढं ओढलं आणि गहू निवडायला घेतले.

"मग फोन करीन की," ती म्हणाली.